डावाच डोळा

"पुसू का?" फोटोवाल्यानं विचारलं, आणि तो काय पुसायचं म्हणतोय हे तिला आधी कळलंच नाही. तलावावरच्या ओळखपत्रासाठी दर वर्षी नवा फोटो लागायचा. दर वर्षी ती याच दुकानात, याच फिरत्या स्टुलावर बसून, हसू की नको अशा चेहऱ्यानं फोटो काढून घ्यायची. फोटोवाला बोलका माणूस. पडद्यावर तिचा चेहरा हातभर मोठा करून तांदळातले खडे शोधावेत तसा तो त्यात हिंडत होता. "हा डोळा हो, लाल आलाय. पुसू?" "पुसा की," ती म्हणाली, "पाण्यातल्या औषधानं होतं ते. आमच्या धंद्यात चालायचंच." त्यानं एक टिचकी मारली आणि लाली गेली. अडीच वर्षं जी चार तऱ्हेच्या थेंबांना आणि दोन मलमांना दाद देत नव्हती ती लाली एका टिचकीत नाहीशी. तिला हसूच आलं. मग फोटोवाल्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं गेल्या वर्षीचा फोटो शोधून काढला, मग त्याच्या आदल्या वर्षीचा. तिन्ही चेहरे त्यानं शेजारी शेजारी लावले. गिऱ्हाइकांचे मूळ फोटो आपण कधी टाकत नाही याचा त्याला भारी अभिमान. "गंमत बघा बाई," तो म्हणाला, "आधीचे दोन्ही मीच पुसलेत. आणि दर वेळी डावाच. का हो, तुमच्या उजव्या डोळ्याला पाणी लागत नाही का?"

दुकानातून ती बाहेर पडली तीही हसतच. कोपऱ्यापर्यंत गेली आणि पाय आपोआप हळू पडायला लागले. तिनं चालता चालता उजवा डोळा मिटून बघितला, मग डावा. दोन्हींनी लख्ख दिसत होतं. समोरच्या कुलपाच्या दुकानाची पाटी, गच्चीवर वाळत घातलेली चादर, बाकावर वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपलेला माणूस. दिवसाचे पाच तास ती पाण्यात असायची, बावीस वर्षं. आणि दोन्ही डोळे तिच्याबरोबरच उतरायचे. एकाला काठावर टॉवेलापाशी बसवून दुसऱ्याला तेवढा घेऊन ती काही पोहत नव्हती. इतकं साधं! तलावावर मुलांना "एकच पाय का हलवतोयस, दुसरा घरी ठेवून आलास का?" असं ओरडून विचारणारी ती, तिला अडीच वर्षांत हे एकदाही सुचू नये? 'पाण्यातल्या औषधानं' हे वाक्य ती इतक्या वेळा बोलली होती की त्याचे कोपरे झिजून गेले होते, तोंडातून निसटताना ते जाणवतसुद्धा नव्हतं. लोक विचारायचे, ती सांगायची, लोक मान डोलवायचे. तसं तिला सगळं माहीत होतं. सकाळी उठताना तीच पापणी चिकटलेली असायची. दिवसभर आत काहीतरी असल्यासारखं वाटायचं, खडा नव्हे, केस नव्हे, कुणीतरी ओलं बोट हलकेच टेकवून ठेवलंय आणि उचलायला विसरलंय असं. आरशात नीट पाहिलं तर बुबुळाच्या बाहेरच्या कडेला फुगीर गुलाबी ठिपका दिसायचा आणि त्याच्याकडे धावणाऱ्या वाकड्यातिकड्या लाल रेषा, नकाशात मोठ्या गावाकडे जाणारे रस्ते असतात तशा. पण आरशात नीट बघतं कोण. केस ओले, गाडी चुकायची भीती, तोंडात चिमटा.

शिवाय तिच्या डोळ्यांचं खातं वन्संकडे होतं. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, वय बासष्ट, लग्न केलेलं नाही, डोळ्यांच्या डॉक्टर. शिंप्याच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर दवाखाना, पस्तीस वर्षं त्याच खुर्चीत. अर्ध्या वस्तीच्या नाकावरचे चष्मे वन्संनी ठरवलेले. आवाज असा की भिंतीवरची शेवटची ओळ दिसत नसली तरी पेशंट धाकानं ती वाचून मोकळा व्हायचा. अडीच वर्षांपूर्वी एका रविवारी जेवताना वन्संनी चष्म्यावरून तिच्याकडे रोखून पाहिलं, हात धुतले, "इकडे ये गं" म्हणून तिला खिडकीपाशी नेलं, खालची पापणी खाली ओढली. "पाण्यानं आलेत. थेंब देते." पर्समधून बाटली निघाली. थेंब घातले की आठ-दहा दिवस डोळा निवळायचा, मग पुन्हा होता तसा. पुन्हा रविवार, पुन्हा खिडकी, पुन्हा पर्स. बाटलीचा रंग बदलायचा, वन्संचं मत मात्र होतं तेच. दवाखान्यातल्या त्या हनुवटी टेकवायच्या यंत्रापुढे तिला कधी कुणी बसवलं नाही. तीही कधी म्हणाली नाही. घरच्या माणसाला कशाला खुर्चीत बसवायचं, आणि बाहेर पेशंटांची रांग असताना घरच्या माणसानं तरी कशाला बसायचं.

आणि वन्संना काही विचारायचं म्हणजे तिच्या जिवावर यायचं. धाकामुळे नव्हे, त्याहून वाईट, उपकारामुळे. लग्नानंतर आठव्या वर्षी तिला तलावावरची ही नोकरी लागली तेव्हा सासऱ्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. सून चारचौघांत पोहण्याचे कपडे घालून उभी राहणार, लोकांनी काय म्हणायचं. नवरा जमिनीकडे बघत बसला होता, त्याला वडिलांसमोर जमिनीचा फार आधार वाटायचा. ती खोलीत पेटी भरत होती. माहेरी जायचं की नुसतीच भरून ठेवायची हे तिचं तिलाच ठरत नव्हतं. तेवढ्यात वन्सं बाहेरून आल्या, चपला काढता काढता सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "बाबा, मी रोज परक्या पुरुषांच्या डोळ्यांत डोळे घालून बघते, त्याचं काय करायचं?" मग सासरेच आधी हसले. ती पेटी तिनं त्या संध्याकाळी रिकामी केली. आता बावीस वर्षांनी, त्या बाईला जाऊन कसं म्हणायचं, की एका फोटोवाल्याला शंका आली आहे?

घरी नवरा टेबलापाशी होता. तो शहराच्या बसगाड्यांची वेळापत्रकं बनवायचा. निवृत्त होऊन वर्ष झालं तरी घरी बसून मनानंच बनवत असायचा, आणि जुन्या कचेरीला न मागितलेल्या सूचना पाठवायचा. "माझा कुठला डोळा लाल असतो?" तिनं दारातूनच विचारलं. "डावा," त्यानं वर न बघता सांगितलं. "कधीपासून?" "चौदा नंबर पुलावरून वळवली ना, त्या आठवड्यापासून." मग पेन्सिल खाली ठेवून तो म्हणाला, "का? ताईला विचार ना." "ताईंना नाही विचारायचं," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिला बोलल्यावर कळलं. नवऱ्यानं पहिल्यांदा मान वर केली. तीस वर्षांच्या संसारात घरातल्या कुणाच्या तोंडून हे वाक्य त्यानं ऐकलं नव्हतं. मग त्यानं पेन्सिल उचलून कागदाच्या कोपऱ्यात मोठ्या इस्पितळाकडे जाणाऱ्या तीन गाड्यांचे नंबर लिहिले आणि कागद तिच्याकडे सरकवला.

मोठ्या इस्पितळात ती चोरासारखी गेली. डोळ्यांच्या विभागात ओळखीचं कुणी दिसतंय का म्हणून चारदा मागे वळून पाहिलं. नवऱ्याला सोडून दुसऱ्या कुणाला भेटायला आलेल्या बाईलासुद्धा इतकं अवघडल्यासारखं होत नसेल, असं वाटून तिला बाकावर बसल्या बसल्या हसू फुटलं. शेजारच्या आजोबांना वाटलं त्यांच्या टोपीला हसतेय, त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आतली डॉक्टरीण अगदी तरुण होती, तिच्या तलावावरच्या पहिल्या तुकडीत शोभली असती. तिनं हनुवटी टेकवायला लावली, उजेडाची फट डोळ्यावर सोडली आणि बोलायची थांबली. ही थांबण्याची जात तिला ओळखीची होती. पाण्यात डोकी मोजताना एक डोकं कमी भरलं की तीही अशीच थांबायची. एका क्षणापुरतं सगळं बंद, कान फक्त पाण्यावर. मग डॉक्टरणीनं एक रंगाचा थेंब डोळ्यात घातला, पुन्हा बघितलं, पापणी उलटून बघितलं, उजवा डोळा बघितला, पुन्हा डावा. "किती दिवस आहे हे?" "अडीच वर्षं." "दुसऱ्या डोळ्याला कधी?" "नाही." "उन्हात असता?" "उघड्या तलावावर. सकाळ-संध्याकाळ." डॉक्टरीण खुर्ची सरकवून समोर आली. "मी सरळ सांगू का?" "मी पोरांना सरळच सांगते," ती म्हणाली. "ही नुसती सूज नाहीये. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर पातळ पडदा असतो, त्याच्या पेशी बिघडल्यात असं मला वाटतं. हा डोळ्याच्या वरच्या थराचा कॅन्सर असू शकतो. तुकडा काढून तपासल्याशिवाय नक्की म्हणणार नाही. सुजेसारखाच दिसतो, म्हणून फसवतो. थेंबांनी सूज उतरते, लाली कमी होते, हा आपला तिथंच बसून असतो." तिला सगळं ऐकू येत होतं, पण मनात एकच विचार अडकला होता, बुधवारी चारची तुकडी कोण घेणार. त्यात घाबरट मुलं होती, ती दुसऱ्या कुणाच्या हाती लागली तर पुन्हा पायरीवर जाऊन बसतील. "जीव जाईल का?" तिनं विचारलं, तेही बुधवारचं काय करायचं ते ठरवण्यापुरतंच. "वेळेवर आलात," डॉक्टरीण म्हणाली. "बहुतेक वेळा हे वरच्या वरच असतं. काढून टाकू, मग थेंब. डोळा वाचेल असं मी धरून चाललेय." "अडीच वर्षांनी आले, याला वेळेवर म्हणतात?" यावर ती पोरगी चक्क हसली. "साडेतीन वर्षांनी आला असता तर मी याला उशीर म्हटलं असतं."

त्याच दिवशी डॉक्टरणीनं डोळा बधिर करून तुकडा काढून घेतला, आणि चार दिवसांनी तपासणीचा कागद हातात आला. त्यावर तेच होतं, फक्त लांब शब्दांत. घरी नवऱ्यानं तो कागद दोनदा वाचला, मग डोळे पुसायला म्हणून चष्मा काढला आणि पुसला चष्माच. "ताईला कोण सांगणार?" "मी," ती म्हणाली. त्या दिवशी तिला स्वतःच्या मनाचं फार नवल वाटलं. कॅन्सर हा शब्द एखाद्या लांबच्या नातेवाइकासारखा घरात येऊन बसला होता, त्याच्याकडे सावकाश बघता येईल असं तिला वाटत होतं. पण वन्संचा चेहरा कसा होईल, हा विचार मात्र सावकाश करता येत नव्हता. एकदा वाटायचं, आपल्याला राग का येत नाही? यायला हवा. तिनं आंघोळ करताना रागवून बघितलं. नळाखाली उभं राहून मनातल्या मनात "तुम्ही डॉक्टर ना हो!" असं म्हणून बघितलं. पण त्यातून वन्संचे जेवणानंतर घाईघाईनं धुतलेले, नीट न पुसलेले ओले हातच आठवले, पापणीला लागणारे, थंड. राग होताच. पण तो एकट्या वन्संवर उरत नव्हता. तो त्या खिडकीवर, रविवारवर, आणि 'राहू दे, काही नाही होत' म्हणणाऱ्या तिच्या स्वतःच्या तोंडावरही वाटला जात होता, आणि इतक्या वाट्यांत पडल्यावर कुणाच्याच वाट्याला पुरेसा येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली, जिना चढली आणि पेशंटांच्या रांगेत नंबर लावून बसली. नंबर आला तशी आत गेली. "तू इथं?" वन्सं म्हणाल्या. "घरी काय झालंय?" "काही नाही. मला यंत्रावर बघा." "रविवारी येतेच आहे मी..." "आज बघा, वन्सं. यंत्रावर." काहीतरी होतं तिच्या आवाजात, वन्संनी वाद घातला नाही. हनुवटी टेकली, कपाळ टेकलं. वन्संचा श्वास जवळून येत होता, त्याला लवंगेचा वास होता. उजेडाची फट सरकत सरकत बुबुळाच्या कडेला आली, थांबली, पुढे गेली, परत आली. खालून शिंप्याच्या मशीनचा आवाज येत होता, थांबून थांबून. तिला वाटलं, तीस वर्षांत आपण दोघी इतका वेळ इतक्या जवळ कधी बसलो नव्हतो. "हे कधीपासून आहे?" वन्संनी विचारलं. हा पेशंटला विचारायचा आवाज होता, सवयीनं आलेला. उत्तर यायच्या आत त्यांचं त्यांनाच ते ऐकू आलं. दिवा त्यांनी बंद केला नाही. ती हनुवटी न हलवता म्हणाली, "मोठ्या इस्पितळात जाऊन आलेय मी. कागद पिशवीत आहे." वन्संनी कागद वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत, बोट ठेवून, पहिलीतल्या मुलीसारखा. "मी खिडकीपाशी बघत होते," त्या म्हणाल्या. "हो." "उजेड चांगला असतो तिथं." "हो, वन्सं." वन्संनी कागदाची घडी घालून तो तिच्या पिशवीत ठेवला. मग वन्सं म्हणाल्या, "बाहेर किती आहेत?" "चार." "पुढचा पाठव." तिनं पुढच्याला आत पाठवलं आणि जिना उतरली. रस्त्यावर आल्यावर तिला एकदम भूक लागली. तिनं कोपऱ्यावर उभं राहून दोन सफरचंदं खाल्ली, एकामागून एक, देठापर्यंत.

आठ दिवस वन्संचा फोन नाही. रविवारी जेवायला नाहीत. नवरा त्यांच्या बशीकडे बघून म्हणाला, "ताईची गाडी लेट आहे." मग त्यानं ती बशी उचलून परत फळीवर ठेवली. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी मात्र वन्सं इस्पितळाच्या दारात आधीच उभ्या होत्या, हातात शाळकरी वही. तिला बघून त्या एवढंच म्हणाल्या, "उपाशी आहेस ना? बरं." मग त्या तरुण डॉक्टरणीपुढे जाऊन बसल्या आणि वही उघडली. कुठल्या खुणा आधी बघायच्या? रंग किती वेळ ठेवायचा? रेषा कशा दिसल्या की शंका घ्यायची? डॉक्टरीण सुरुवातीला अवघडली, 'मॅडम' 'मॅडम' करत होती, मग रंगात आली, कागदावर डोळा काढून दाखवायला लागली. "एकाच बाजूचा असेल आणि तीन महिन्यांत हटला नाही, तर मी त्याला सूज म्हणायचं बंद करते," ती म्हणाली. वन्संनी ते वाक्य लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

डोळा बधिर केला होता, ती जागीच होती. चेहऱ्यावर हिरवं कापड, त्याला एकच भोक, आणि पापण्या चिमट्यानं उघड्या धरलेल्या. वर नुसता उजेड, आणि त्यात हलणारे आकार, पाण्याच्या तळाशी निजून वर बघितलं तर दिसतात तसे. ती नऊ वर्षांची असताना मावशीनं तिला पोहायला शिकवलं होतं. मावशी पोहायची अंगावर येईल तसं, तिच्या हातापायांना शिस्त नव्हती, पण भीतीही नव्हती. "आत गेलीस की डोळे उघडे ठेव," मावशी म्हणायची, "मिटलेस तर काय काय दिसेल सांगता येत नाही. उघडलेस तर नुसतं पाणी दिसेल." पुढं हजारो मुलांना तिनं हेच सांगितलं, स्वतःचं म्हणून खपवलं. आता डोळा मिटायचा म्हटलं तरी मिटता येत नव्हता, आणि आत हसू उसळून येत होतं. "हलू नका," डॉक्टरीण म्हणाली. "आता कडा गोठवतेय, गार वाटेल." "वाटू दे," ती कापडाखालून म्हणाली, "जानेवारीत सकाळी साडेसहाला तलावात उतरते मी."

तुकड्याचा कागद बरा आला. बिघाड वरच्या थरातच होता, आत उतरला नव्हता. एका बाजूची कड मात्र पुरती स्वच्छ नव्हती, म्हणून थेंब. आठवडाभर दिवसातून चार वेळा, मग तीन आठवडे सुट्टी, की पुन्हा आठवडाभर, असे चार फेरे. पाण्यात जायचं नाही. हे ऐकून नवऱ्याच्या अंगात वीज संचारली. त्यानं रेघा मारून, लाल-निळ्या शाईत, शहरातल्या कुठल्याही थांब्यावर लावता यावं असं वेळापत्रक केलं. आठ, बारा, चार, आठ. रविवारी व सुट्टीच्या दिवशी बदल नाही. थेंब जहाल, कातडीला लागू द्यायचे नाहीत, म्हणून तो हातमोजे चढवून, पापणीखाली मलम लावून, श्वास रोखून थेंब सोडायचा आणि घड्याळात बघून म्हणायचा, "वेळेवर सुटली." डोळा झोंबायचा, दिवसभर पाणी गळायचं. ती रडतेय असं समजून शेजारीण केळी घेऊन आली. ती खरंच रडत नाहीये हे पटवता पटवता हसून हसून दोघींच्या डोळ्यांना पाणी आलं.

पण घरी बसणं तिच्या रक्तात नव्हतं. अंगाला पाण्याची आठवण यायची, खांद्यांना तर फारच. खुर्चीत बसल्या बसल्या ते फिरायला लागायचे. बुधवारची तुकडी दुसऱ्या शिक्षकानं घेतली होती. घाबरट मुलांपैकी एकही पायरीवर जाऊन बसलं नाही असा निरोप आला, तेव्हा तिला आनंद झाला आणि थोडं लागलंही. अशा एका सकाळी वन्संचा फोन आला. "मोकळी आहेस का?" "डोळ्यातून नळ वाहतोय, बाकी मोकळी." "मग ये. मला एकटीला उरकत नाहीये." दवाखान्यात टेबलावर कागदांचा ढीग होता. वन्संनी पाच वर्षांचे कागद उपसले होते. एकच डोळा लाल, तीन महिन्यांहून जास्त, थेंब दिले, बरं नाही, पुन्हा थेंब दिले, असे पेशंट. तेवीस निघाले. "या सगळ्यांना बोलवायचंय," वन्सं म्हणाल्या. "यंत्रावर बघायचंय, रंग घालून. तू फोन कर. माझा आवाज ऐकून लोक घाबरतात." इतकं बोलून त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. तिला कळलं, आता काही म्हणायला हवं. 'तुमची चूक नाही' म्हणणं खोटं झालं असतं. वन्संना खोटं लगेच कळायचं. म्हणून ती म्हणाली, "नंबर कुठं लिहिलाय? हे अक्षर कुणाचं, कोंबडीचं?" वन्सं वळल्या. त्यांचे डोळे लाल होते, दोन्ही. "दोन्ही आहेत ना, मग काळजी नाही," ती म्हणाली, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा वन्सं तिच्यासमोर ओंजळीत तोंड घालून रडल्या आणि त्यातच हसल्या. कुठं एक संपलं आणि कुठं दुसरं लागलं ते सांगता आलं नसतं.

पुढचे दोन महिने तिचा तोच उद्योग. फोनवर लोक काय काय बोलायचे! एक बाई म्हणाली, डोळा केव्हाच बरा झाला, आता गुडघा बघता का. एका गृहस्थांनी वन्संचं नाव ऐकताच भिंतीवरची अक्षरं पाठ म्हणून दाखवली. एकजण जगात नव्हता. त्याच्या बायकोशी ती पाऊण तास बोलत बसली, डोळ्याचा विषय निघालाच नाही. तेवीसपैकी एकोणीस आले. सोळा साधे निघाले. दोघांवर वन्संनी शंका लिहून मोठ्या इस्पितळात धाडलं, त्यातल्या कपडे धुणाऱ्या बाईच्या डोळ्यात खरंच निघालं, तिळाएवढं. त्या दिवशी वन्सं दवाखाना लवकर बंद करून तिच्या घरी आल्या आणि तीन वेळा वाढून घेऊन जेवल्या. एकोणिसावा होता पाववाला, तो भट्टी सोडून यायलाच तयार नव्हता. सात फोन झाले. आठव्याला ती म्हणाली, "तुम्ही येत नसाल तर डॉक्टरबाई तुमच्या दुकानात येऊन, गिऱ्हाइकांसमोर, मोठ्यानं विचारतील." तो दुसऱ्याच दिवशी हजर झाला.

त्याच सकाळी ती स्वतः तपासून आली होती. चौथा फेरा संपला होता. तरुण डॉक्टरणीनं रंग घातला, शोध शोध शोधलं आणि खुर्चीत मागे टेकून म्हणाली, "काही नाही." हे दोन शब्द ऐकताना तिच्या कानात पाणी गेल्यासारखं झालं, आवाज लांबून आला. "काही नाही म्हणजे?" "म्हणजे स्वच्छ. आता तीन महिन्यांनी दाखवायचं, मग सहा. पुढची बरीच वर्षं मी तुम्हाला सोडत नाही. पाण्यात जा, पण पाण्याचा चष्मा लावून, वर टोपी." बाहेर नवरा उभा होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या डाव्या डोळ्याकडे, मग उगाचच घड्याळाकडे. "वेळेत आहे," तो म्हणाला, आणि भर रस्त्यात तिचा हात धरला, जो त्यानं लग्नातसुद्धा सांगितल्यावरच धरला होता. तिथून ती तशीच दवाखान्यात आली. वन्संना सांगितलं तेव्हा वन्संनी "बरं" म्हटलं आणि पेन हातातून खाली पडलं. ते उचलायला त्या बराच वेळ टेबलाखाली वाकून राहिल्या.

पाववाला आला तो पिठानं पांढरा, उजवा डोळा तेवढा लाल. "पीठ जातं हो," तो बसायच्या आधीच म्हणाला, "आणि भट्टीची धग. आमच्या धंद्यात चालायचंच." ती कोपऱ्यात रजिस्टर घेऊन बसली होती, तिनं ओठ दाताखाली धरला. वन्संनी त्याला यंत्रापुढे बसवलं. बघितलं. रंग घातला, पुन्हा बघितलं. पापणी उलटली. वहीची पानं चाळली, एका पानावर थांबल्या, पुन्हा यंत्रात डोळा लावला. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला कळत नाहीये," त्या म्हणाल्या.

पाववाल्यानं तिच्याकडे पाहिलं, मग वन्संकडे. या बाईच्या तोंडून असं काही निघेल हे त्याच्या हिशेबातच नव्हतं. पंधरा वर्षं तो याच जिन्यानं येत होता, शेवटची ओळ धाकानं वाचत होता. "पण डॉक्टर तुम्ही आहात ना?" तो चाचरत म्हणाला.

"आहे," वन्सं म्हणाल्या. "म्हणूनच सांगतेय. साधं असेल, नसेलही. पुन्हा थेंब देऊन मी तुम्हाला घरी पाठवणार नाही. जिला कळतं तिच्याकडे पाठवते. उद्याच जायचं. भट्टी एक दिवस गार राहिली तर वस्ती उपाशी मरत नाही." आवाज पूर्वीचाच होता, भिंतीवरची अक्षरं हलवणारा. पाववाला मुकाट्यानं "हो" म्हणाला. चिठ्ठी लिहून होईपर्यंत तो मांडीवरचं पीठ झटकत बसला. मग उठला, दारापर्यंत गेला, परत आला. "काही भयंकर नाही ना हो?" हा प्रश्न त्यानं वन्संना नाही, तिला विचारला. ती उठून त्याच्यापाशी गेली, खिडकीच्या उजेडात उभी राहिली आणि दोन बोटांनी स्वतःच्या डाव्या डोळ्याची खालची पापणी ओढून त्याला आत दाखवली. "हा बघा," ती म्हणाली, "याला सहा महिन्यांपूर्वी कॅन्सर होता. आता सांगा, कुठं होता?" पाववाला वाकून, श्वास रोखून, बराच वेळ शोधत राहिला.